राजमाचीचा तोतया आणि ब्राउझरचं कुलूप

मावळात राहणाऱ्या माणसाला पावसाळ्यात दोन नोकऱ्या कराव्या लागतात. एक पगाराची, दुसरी नातेवाइकांसाठी बंगले तपासण्याची. आपण तळेगाव दाभाड्यात राहतो की तळेगाव ढमढेऱ्यात, याचा ज्यांना वर्षभर पत्ता नसतो, त्यांना जूनचा पहिला पाऊस घाटात उतरला की एकदम भूगोल आठवतो. दादर, ठाणे, डोंबिवली असे स्टेशनवार फोन येतात. "तुला काय, हाकेच्या अंतरावर आहे. संध्याकाळी लोकलने चक्कर मार आणि तुंगार्लीतला तो बंगला आहे का, तेवढं बघून ये."

बंगला चांगला आहे का, असं कुणी विचारत नाही. आहे का, एवढंच विचारतात. कारण दर मोसमात पेपरात एक बातमी ठरलेली असते. मुंबईकर कुटुंबाने वेबसाइटवर तरणतलावाचा फोटो बघून आगाऊ पैसे भरले, शनिवारी तीन गाड्या भरून माणसं आली, आणि पत्त्यावर बंगल्याऐवजी मोकळा प्लॉट निघाला. तरणतलाव होता, पण तो पावसाने केलेला आणि त्यात म्हैस.

यंदा दादरच्या आत्येबहिणीचा फोन आला, तेव्हा ती मात्र निर्धास्त होती.

"मी सगळं तपासलंय. कुलूप आहे."

"बंगल्याला?"

"वेबसाइटला!"

ताईसारख्या लाखो सुशिक्षित माणसांचा त्या कुलपावर एवढा जीव आहे की कुलपाची बाजू कुणीतरी मांडायलाच हवी. ते बिचारं दोनच गोष्टी सांगत असतं. तुमचं आणि समोरच्या यंत्राचं बोलणं वाटेत कुणी ऐकत नाहीये, आणि समोरच्या यंत्राचं नाव वर पट्टीत लिहिलंय तेच आहे. बंगला आहे, त्याला छप्पर आहे, मालक सज्जन आहे, यातलं एक अक्षरही त्याने कधी उच्चारलेलं नाही. पट्टीतलं नाव ज्याने घेतलं तोच भामटा असेल, तर तुमची आणि भामट्याची बोलणी अत्यंत खाजगीत, तिसऱ्याच्या कानावर न जाता पार पडतात. पैसेही तितक्याच सुरक्षितपणे त्याच्याकडे पोहोचतात.

आणि हा नावाचा दाखला मिळवायला फार कष्टही नाहीत. 'लेट्स एन्क्रिप्ट' नावाची एक संस्था २०१६ पासून तो सगळ्यांना फुकट देते. तिचा यंत्रमानव एवढंच म्हणतो, की हे नाव तुझं आहे ना, मग मी देतो ती खूण त्या नावाच्या वेबसाइटवर ठेवून दाखव. ठेवली की दाखला हातात. तो काही लोकलने तुंगार्लीला येत नाही. तुंगार्लीला यायला मी आहे.

गूगलने या कुलपाबद्दल २०२१ मध्ये लोकांना विचारून पाहिलं, तर अवघ्या ११ टक्क्यांना त्याचा नेमका अर्थ सांगता आला. शेवटी कंटाळून २०२३ च्या सप्टेंबरात क्रोमने पट्टीतलं कुलूपच काढून टाकलं आणि तिथं सेटिंगचं एक निरुपद्रवी चिन्ह बसवलं. हे मी ताईला सांगितलं. ती क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, "म्हणजे आता कुलूपही नाही? मग तुला जावंच लागेल."

मी गेलो. बंगला होता. पण ते जाऊ दे.

या विषयातलं माझं सगळं शिक्षण भाच्याकडून झालेलं आहे. तो हिंजवडीत असतो. म्हणजे राहतो आमच्याकडेच, पण असतो तिकडे. त्याच्या सांगण्याप्रमाणे दोन यंत्रं बोलायला बसली की आधी ओळखपरेड होते. समोरचं यंत्र आपलं सर्टिफिकेट पुढे करतं. त्यावर नाव, एक जाहीर चावी, कधीपासून कधीपर्यंत चालेल त्या तारखा आणि दाखला देणाऱ्याची सही असते. ब्राउझर त्यावरच्या नुसत्या नावाने भुलत नाही, तो थेट विचारतो, सही कुणाची?

"आणि सही स्वतःचीच असेल तर?" मी विचारलं.

"मामा, लोणावळ्यात बाजारातून स्टेशनपर्यंत चालत जा. दिसेल."

मी डोळ्यांपुढे आणलं. एका पाटीवर 'अस्सल', दुसरीवर 'मूळ', तिसरीवर 'जुने व प्रसिद्ध', चौथीवर 'हेच ते मूळ व अस्सल', आणि सगळ्यांच्या खाली 'आमची कोठेही शाखा नाही'. प्रत्येक चिक्कीवाल्याने स्वतःला दिलेला हा दाखला आहे, आणि नावं एकमेकांशी इतकी जुळतात की फरक ओळखायला भिंग लागावं. ब्राउझरला लोणावळ्याच्या बाजारपेठेत सोडला, तर पहिल्या दुकानापासून शेवटच्यापर्यंत तो लाल पाट्या लावत सुटेल आणि चिक्कीचा तुकडा तोंडात न टाकता रिकाम्या हाताने गाडी पकडेल. आपलं मात्र अडत नाही, कारण चिक्कीची परीक्षा दाताने होते. बँकेची वेबसाइट चावून बघता येत नाही, म्हणून तिथं परक्याची सही लागते.

ती सहीसुद्धा उतरंडीची असते. सर्वांत वर काही थोडके 'रूट' म्हणजे मूळ दाखलेदार. त्यांची यादी ब्राउझरने किंवा विंडोजसारख्या यंत्रणेने आधीच पोटात ठेवलेली असते. हे मूळ पुरुष स्वतः फारशा सह्या करत नाहीत. ते मधल्या कारभाऱ्यांना अधिकार देतात आणि मधले वेबसाइटांना दाखले देतात. म्हणजे ज्याच्यावर आपण विश्वास ठेवतो, त्याला आपण कधी पाहिलेलं नसतं, आणि ज्याच्याबद्दल तो हमी देतो, त्याला त्याने पाहिलेलं नसतं.

आता यात फसवायचं कसं? मी म्हटलं, खोटं सर्टिफिकेट छापायचं. भाच्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. खोटी सही पचत नाही, गणित लगेच पकडतं. फसवायचं असेल तर खऱ्या दाखलेदाराकडूनच खोट्या माणसाला खरा दाखला मिळवायचा.

आपल्याच देशातलं उदाहरण आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० प्रमाणे दाखलेदारांवर एक सरकारी नियंत्रक असतो. त्याने एनआयसीला, म्हणजे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राला, मधल्या कारभाऱ्याचा अधिकार दिलेला होता. २०१४ च्या जुलैत गूगलच्या लक्षात आलं की आपल्या नावाची अशी काही सर्टिफिकेटं बाजारात आहेत, जी आपण मागितलेलीच नाहीत, आणि ती निघाली आहेत एनआयसीकडून. सही अस्सल होती, पण माणूस भलताच. नियंत्रकाने दुसऱ्याच दिवशी मधले अधिकार रद्द केले. नंतर क्रोमने ठरवलं, की भारताच्या या मूळ सहीवर यापुढे 'गव्ह डॉट इन', 'एनआयसी डॉट इन' अशा मोजक्या नावांपुरताच विश्वास ठेवायचा. घरच्या कार्याला येतोस तर ये, बाहेर कुणाची शिफारस करू नकोस, अशा थाटात. त्याआधी २०११ मध्ये हॉलंडच्या एका दाखलेदाराच्या घरात असेच चोर शिरले होते. त्या खोट्या-खऱ्या दाखल्यांवर इराणमधल्या लोकांच्या मेल वाचल्या गेल्या आणि कंपनीचं त्याच वर्षी दिवाळं वाजलं.

भाचा हे सगळं कालपरवा लागलेला शोध असल्यासारखं सांगत होता. त्याला मी राजमाचीवर नेलं. तोंडानेच नेलं, गुडघे आता ऐकत नाहीत.

राजमाचीला हल्ली जूनमध्ये काजवे बघायला गर्दी होते. १७७६ मध्ये तिथं सदाशिवरावभाऊ आले होते. म्हणजे पंधरा वर्षांपूर्वी पानिपतात पडलेले भाऊ. पानिपतानंतर भाऊंचं काय झालं याची शंका कित्येकांच्या मनातून गेली नव्हती. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी तर अखेरपर्यंत सौभाग्याची चिन्हं उतरवली नाहीत. अशा वेळी एक कनोजा ब्राह्मण उभा राहिला आणि म्हणाला, मीच तो. थोरल्या माधवरावांच्या काळातच त्याला पकडून कैदेत टाकलं होतं. पण एकदा नाव घेतलेला माणूस कैदेत असला तरी नाव बाहेर फिरत राहतं.

मग तोतया मोठा झाला कसा? रत्नागिरीचा कारभार ज्यांच्याकडे होता, त्या रामचंद्र नाईक परांजप्यांनी त्याला सोडला आणि हेच भाऊसाहेब म्हणून उभा केला. झालं! पेशव्यांच्या अधिकाऱ्यानेच दाखला दिल्यावर खालच्यांनी कशाला शंका घ्यावी? कोकणातले किल्ले भराभर त्याच्या हाती गेले, फौज जमली, आणि स्वारी बोरघाट चढून राजमाचीपर्यंत आली. तोतया काही असा दुर्मीळ प्राणी नाही. तोतयाला खरा शिक्का मारून देणारा सुभेदार मात्र पन्नास तोतयांना भारी पडतो.

"पण मामा, नुसतं सर्टिफिकेट दाखवून चालत नाही," भाचा म्हणाला. "सर्टिफिकेट जाहीरच असतं, कुणीही त्याची नक्कल ठेवू शकतो. त्याच्या जोडीची एक गुप्त चावी असते, ती फक्त खऱ्या मालकाकडे. ब्राउझरशी बोलताना त्या वेळच्या त्या बोलण्यावर त्या गुप्त चावीने सही करून दाखवावी लागते. तिथं नकलाकार सापडतो."

हेच तर! भाऊंचं रूप, वय, चालणं हा सगळा जाहीर भाग झाला. तेवढ्यावर तोतयाने अर्धं कोकण घेतलं. पण फक्त भाऊंनाच ठाऊक असलेलं काहीतरी सांग, असं कुणी म्हटलं की तिथं काय उत्तर देणार?

पुणेकर कारभाऱ्यांनी राजमाचीवर जे केलं ते मात्र खास पुणेरी होतं. तू खोटा आहेस, असं कुणी तोंडावर म्हटलं नाही. गोड बोलणी सुरू केली, आज निरोप, उद्या निरोप, आणि तोतया मानपान मोजत बसला असतानाच महादजी शिंदे आणि भिवराव पानशांनी त्याला गाठला. तो कोकणात पळाला, तिथून समुद्रात, आणि अखेर आंग्र्यांच्या हाती लागला. १७७६ च्या डिसेंबरात पुण्यात त्याला देहान्त शिक्षा झाली. या दाखल्याचं रद्दीकरण इतकं पक्कं होतं की पुढे न. चिं. केळकरांना त्यावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिता आलं.

"आणि परांजप्यांचं काय झालं?" भाच्याने विचारलं. या पोराला बरोबर कळतं कुठं बोट ठेवायचं ते. मी म्हटलं, विषय बदलू नकोस, वडगावला ये.

वडगाव हे आमच्या मावळ तालुक्याचं ठिकाण. दाखल्यासाठी माणूस अजूनही तिथंच खेपा घालतो. पण वडगावात निघालेल्या सगळ्या कागदांत गाजलेला कागद १७७९ च्या जानेवारीतला आहे, आणि तो बाद ठरलेला आहे.

राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसवायला मुंबईकर इंग्रज फौज घेऊन घाट चढले. कार्ल्याच्या बाजूला त्यांचा कॅप्टन स्टुअर्ट पडला, तोच आपला इष्टुर फाकडा. रडतखडत ते आमच्या तळेगावापर्यंत पोहोचले, तर मराठ्यांनी गाव आधीच जाळून रिकामं केलेलं. तिथून पुढं जायची हिंमत झाली नाही. जड तोफा तळ्यात लोटून रातोरात परत फिरले आणि वडगावात महादजींच्या कोंडीत सापडले. (तळेगावात पोहोचल्यावर पुण्याला जायची इच्छा मरते, हा अनुभव आजही हायवेवर येतो.)

आता तह. इंग्रजांकडून बोलायला फार्मर आला. त्याने आधीच सांगितलं, की आम्हाला तह करायचा अधिकारच नाही, कलकत्त्याची मंजुरी लागते. खरंच होतं ते. १७७३ च्या कायद्याने लढाई-तहाच्या बाबतीत मुंबईकरांना कलकत्त्याच्या हाताखाली घातलं होतं. यावर महादजींचा उलट सवाल होता, की कलकत्त्याच्या कर्नल अप्टनने केलेला पुरंदरचा तह मोडायला तुमच्याकडे अधिकार होता वाटतं? याला उत्तर नव्हतं. १६ जानेवारीला सह्या झाल्या. साष्टी परत, जिंकलेला मुलूख परत, दादा मराठ्यांच्या हवाली, आणि हमीदाखल फार्मर व लेफ्टनंट स्टुअर्ट हे दोघे ओलीस. (हा स्टुअर्ट वेगळा. इष्टुर फाकड्याला ओलीस ठेवायची वेळ टळून गेली होती.)

सुटलेले इंग्रज घाट उतरले आणि खाली पोहोचताच त्यांनी पहिलं काम केलं ते तहाप्रमाणे पाठवलेला हुकूम फिरवायचं. बंगालहून येणारी फौज परत जाऊ दे, असं लिहिलं होतं. आता लिहिलं, की थांबा, तो हुकूम धरू नका. मग कलकत्त्याहून गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जचा निर्वाळा आला, की सही करणाऱ्यांना अधिकार नव्हता, तह रद्द. मोहिमेचे म्होरके कार्नाक आणि एगर्टन यांच्या नोकऱ्या कंपनीने काढून घेतल्या. मुंबईकरांच्या सहीवर कलकत्त्याने पाणी सोडायची ही पहिली वेळही नव्हती. १७७५ मध्ये त्यांनी सुरतेला दादांशी तह केला, तोही कलकत्त्याने मोडीत काढून पुढच्या वर्षी पुरंदरचा तह केला होता.

भाचा खुर्चीतून उठला. "मामा, ही इंटरमीजिएटची, म्हणजे मधल्या कारभाऱ्याची केस आहे! सही खरी, शिक्का खरा, पण सही करायचा अधिकारच नाही. सर्टिफिकेटात यासाठी एक रकाना असतो. हा गृहस्थ दुसऱ्यांना दाखले देऊ शकतो का? हो किंवा नाही. आणि २००२ मध्ये उघडकीला आलं, की इंटरनेट एक्सप्लोरर तो रकाना बघतच नव्हता. कुठल्याही साध्या वेबसाइटचं सर्टिफिकेट घ्या आणि त्यावरून बँकेला दाखला द्या, चालायचं!"

महादजींनी रकाना बघितला होता, फार्मरने तोंडाने वाचूनही दाखवला होता. म्हणून तर त्यांनी सहीवर न थांबता दोन माणसं ठेवून घेतली. संगणकाला ही सोय नाही. चुकीची सही करणाऱ्या कंपनीचे दोन व्यवस्थापक सिलिकॉन व्हॅलीत कोंडून ठेवायची कुठल्याही करारात तरतूद नाही, आणि माझ्या मते ही मोठीच उणीव आहे.

एवढं सगळं तत्त्वज्ञान झाडणारा हा भाचा कामावर काय करतो, हे मला एका रविवारी कळलं. त्याचा कुठलासा प्रोग्राम कुठल्याशा सर्व्हरशी बोलेना, सर्टिफिकेट पटत नाही म्हणून अडून बसला होता. भाच्याने एक ओळ बदलली आणि प्रोग्राम सुरळीत चालू लागला.

"काय केलंस?"

"व्हेरिफायला फॉल्स केलं."

"म्हणजे?"

"म्हणजे समोर कोण आहे ते विचारायचंच नाही. तात्पुरतं हो, मामा. नंतर काढणार आहे."

हिंजवडीत तात्पुरत्या ओळी किती वर्षं टिकतात याचा हिशेब कुणी ठेवत नाही. पण २०१२ मध्ये स्टॅनफर्ड आणि टेक्सासच्या काही संशोधकांनी ब्राउझरबाहेरच्या प्रोग्रामांची झडती घेतली, तेव्हा पैशांचे व्यवहार करणारे भलेभले प्रोग्राम ही तपासणी धड करत नसल्याचं निघालं. त्यातला एक प्रकार तर विनोदी लेखकाच्या पोटावर पाय आणणारा आहे. 'कर्ल' नावाच्या एका प्रसिद्ध साधनात 'नाव तपासायचं का' यासाठी एक पर्याय होता. तपासणी पक्की हवी तर तिथं २ लिहायचं. पण सज्जन प्रोग्रामर मंडळींनी कर्तव्यबुद्धीने लिहिलं 'ट्रू', म्हणजे हो, तपासा. संगणक 'ट्रू'ला १ समजतो. आणि १ चा अर्थ होता, की सर्टिफिकेटावर काहीतरी नाव आहे एवढं बघा, ते कुणाचं आहे ते राहू द्या. म्हणजे ज्यांनी तपासा असं लिहिलं, त्यांचीच तपासणी बंद! पुढे कर्लने १ लिहायची सोयच काढून घेतली. नाव लिहिलंय ना, मग झालं, या तत्त्वावर चालणारं राज्य रत्नागिरीनेही बघितलेलं आहे.

आपण सामान्य माणसंही काही कमी नाही. पावसाळ्यात लोणावळ्याच्या हॉटेलात जाऊन बसा. वायफाय जोडलं की त्या वायफायला आधी तुमचा खोली नंबर हवा असतो, म्हणून ते तुमची वाट मधेच अडवतं. ब्राउझरला वाटतं, दरोडा पडला. 'तुमचं कनेक्शन खाजगी नाही' अशी पाटी लावून तो जीव तोडून ओरडतो. समोरची चार माणसांची पंगत काय करते? एक जण म्हणतो, "अरे ते तसंच येतं. खाली बारीक अक्षरात 'तरीही पुढे जा' आहे बघ, ते दाब." दुसरा दाबतो, तिसरा बँकेचं पान उघडतो, चौथा भजी मागवतो. कुलूप दिसलं की डोळे मिटून विश्वास आणि धोक्याची पाटी दिसली की डोळे मिटून 'पुढे जा', असं दोन्हीकडून आपण ब्राउझरला वेडं केलेलं आहे.

या यंत्रांचाही आता एकमेकांवरचा विश्वास उडत चाललाय. पूर्वी सर्टिफिकेटं काही वर्षं चालायची. २०२० पासून ३९८ दिवसांची मर्यादा आली. आता ब्राउझरवाले आणि दाखलेदार यांनी मिळून ठरवलंय, की २०२६ च्या मार्चपासून २०० दिवस, २०२७ मध्ये १०० आणि २०२९ च्या मार्चपासून फक्त ४७ दिवस. सत्तेचाळीस दिवसांनी पुन्हा सिद्ध करायचं की तुम्ही तुम्हीच आहात.

याउलट कार्ल्याला या. तिथल्या लेण्यात एक गाव दान दिल्याचे लेख आहेत. नहपानाचा जावई उषवदात याने करजिक नावाचं गाव वलुरक लेण्यांतल्या, म्हणजे आजच्या कार्ल्याच्या, भिक्षूंना दिलं आणि ते दगडावर कोरून ठेवलं. पुढे नहपान हरला, सातवाहन आले. आता जुन्या राजाच्या सहीला काय किंमत? मग सातवाहन राजाने मामाळच्या, म्हणजे मावळच्या, अमात्याला हुकूम पाठवला आणि तेच गाव त्याच भिक्षूंना नव्याने दिलं. तोही हुकूम कोरला, ऋतू, पंधरवडा, दिवस घालून. मूळ दाखलेदार बदलला, म्हणून दाखला पुन्हा निघाला. मुदतीचा रकाना मात्र दोघांनीही सोडून दिला, आणि दोन्ही दाखले दोन हजार वर्षांनंतरही वाचता येतात.

हे मी भाच्याला जागेवर दाखवायला एकदा रविवारी कार्ल्याला घेऊन गेलो. एकवीरेची पायरी निम्मी चढलो आणि त्याचा फोन खणखणला. कंपनीची कुठलीशी वेबसाइट बंद पडली होती, जगभर लाल पाटी. सर्टिफिकेटाची मुदत शनिवारी रात्री संपली होती. आठवणीचे मेल येत होते, पण जो गृहस्थ नोकरी सोडून गेला त्याच्या पत्त्यावर. भाच्याने तिथंच पायरीवर बैठक मारली, मोबाइलचं इंटरनेट लॅपटॉपला जोडलं आणि नवसाच्या कोंबड्या, नारळ, ढोल यांच्या गर्दीत मान खाली घालून टाइप करू लागला. शेजारी ओटीचं सामान विकणाऱ्या आजी बराच वेळ बघत होत्या.

"काय रं बाबा, आईच्या दारात येऊन काय घेऊन बसलास?"

"सर्टिफिकेट संपलं, आजी. आत्ताच्या आत्ता नवीन काढायचंय."

आजींनी हार गुंडाळता गुंडाळता मान हलवली. "वडगावला सेतूत मिळतंय. पन आज रविवार. उद्या सकाळच्याला जा. आन् रेशनकार्डाची झेरॉक्स ने, त्याबिगर घेत न्हाईत."